थोरलं लेकरू देवाचं

खिडकीच्या गजावर चिमणी येऊन बसली आणि तनू तिच्याकडे नुसती बघत राहिली.

सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "काय बसलंय तिथं? सांग की आज्जीला." तनूने आजीकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे. उन्हाळ्यात हीच पोर चिमणी दिसली की 'चिऊ चिऊ' करून घर डोक्यावर घ्यायची. समोरच्या वाण्याला 'ओ शेट' म्हणून हाक मारायची आणि तो बिचारा गल्ला सोडून खडीसाखर घेऊन यायचा. आता तिचा ओठसुद्धा हलला नाही. चिमणी उडून गेली, तरी ती रिकाम्या गजाकडेच बघत होती.

"मागं पाणी म्हणायची सोडली," सासूबाई म्हणाल्या, "आता चिऊ गेली. पोरं शिकत जात्यात रंजना. ही विसरत चाललीया."

मी म्हटलं, दाढा येत असतील, अशक्तपणा असेल, दिवाळीनंतर बोलेल. त्यांनी परात पुन्हा मांडीवर ओढली आणि तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खाण तशी माती. दुसरं काय."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. माझं लग्न ठरतानाही ते परसदारी बोललं गेलं होतं, कारण माझा थोरला भाऊ मुका आहे हे आम्ही लपवलं नव्हतं. लपवणार तरी कसं? उंबरमाळच्या यात्रेत लोक भैरोबाच्या आधी त्याच्याच पाया पडत.

आम्ही उंबरमाळचे गुरव. भैरोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. देव म्हणजे एक उभा खडक, वर्षानुवर्षं शेंदूर चढून नाक-डोळे बुजलेला. शेंदूर तेलात कालवायचं काम आईचं, चढवायचं आप्पांचं, माझ्या वडिलांचं. थर फार जड झाला की कधीतरी तो आपसूक गळून पडतो. त्याला आमच्याकडे 'देवाने खोळ टाकली' म्हणतात. खोळ पडली की गाव गोडधोड करतो, आप्पा ती ओढ्याच्या डोहात सोडून येतात आणि उघड्या पडलेल्या खडकावर पुन्हा पहिला हात चढवतात.

आणि गावात एक बोलणं होतं: गुरवाचं थोरलं लेकरू देवाचं. आजोबांची थोरली बहीण आकड्या येऊन लहानपणीच गेली. आप्पांचे थोरले भाऊ, मुके तात्या, देवळाच्या ओसरीवर बसूनच म्हातारे झाले. मग भैरूदादा. दोन वर्षांचा होईपर्यंत तो खणखणीत बोलायचा, 'आये, भाकर वाढ' म्हणायचा, असं आई सांगे. मग एकेक शब्द गेला आणि शेवटी नुसता आवाज राहिला. देवाने वाचा ठेवून घेतली, असं गावाने ठरवलं. दुखणं आमच्या घरचं, त्याला देव्हारा दिला गावाने. मी दुसरी म्हणून वाचले, आणि वाचले ती अशी की माझं तोंड कधी मिटलंच नाही. दादाच्या वाटणीचंही हीच बोलते, असं आप्पा चारचौघांत सांगायचे.

भैरूदादाचं लग्न होण्यातलं नव्हतं. म्हणजे पुढच्या पिढीतलं थोरलं लेकरू माझी तनू. हे मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, पण तिला बारशाला बघायला आलेल्या बायका तिच्या ओठांकडे बघत होत्या, ते मला दिसलं होतं.

मी कराडला एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. विलास, माझा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. सासूबाईंना दमा. पळतं मूल त्यांच्याने आवरेना, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर तनूला उंबरमाळला आईजवळ ठेवलं. शनिवारी मी तिला घेऊन यायची, रविवारी संध्याकाळी पोचवायची. आई पोरीला डोळ्यांत तेल घालून जपत होती. तिकडून आलेल्या पोरीच्या अंगाला कधी साधी खरूज दिसली नाही.

पण पोर फिकी पडत चालली होती, चिडत होती, पोट धरून रडत होती. ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं आहे का? मी दादाचं सांगितलं, तात्यांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मग हे रक्तातलंच असणार. त्याला औषध नसतं हो." रक्तवाढीची बाटली मात्र लिहून दिली.

त्या रविवारी संध्याकाळी मी तनूला घेऊन उंबरमाळला उतरले, तेव्हा भैरूदादा पायरीवर बसला होता. तिशी उलटलेला माणूस, खांदे पैलवानासारखे, आणि आई त्याला भाताचे घास भरवत होती. तो स्वतःच्या हाताने कधी जेवलाच नाही. आईच्या हातात काहीही दिसलं की तो आ करायचा.

तनू त्याच्याजवळ जाऊन बसली. आई ताट घेऊन आत गेली आणि दादाने मागच्या भिंतीचा एक पोपडा काढला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, अर्धा तनूला दिला. तिने तो मुकाट चावायला घेतला. दोघंही समोर बघत होती आणि दोघांच्या हनुवट्या एकसारख्या हलत होत्या. मी धावत जाऊन तिच्या तोंडात बोट घातलं आणि माती उकरून काढली. ती रडली नाही, मला चावली.

"भैरूबी आसाच खायाचा," आई दारातून म्हणाली. "जाईल खोड."

"दादाची गेली नाही, आई."

 आईने तनूला उचलून कडेवर घेतलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख शेंदरी होतं. ते मला आठवतं तेव्हापासून तसंच होतं. लहानपणी मी समजायची की सगळ्या आयांचा एक अंगठा तसाच असतो.

मी तिला सांगून टाकलं की मी बिनपगारी रजा घेते, प्रसंगी नोकरी सोडते, पण तनूला आता माझ्याजवळच ठेवते. मला वाटलं होतं आई सुटकेचा निःश्वास टाकेल, तिचंही वय झालं होतं. पण ती एकदम घाबरली. तिने पोरीला घट्ट धरलं.

"आत्ता नगं नेऊ. ह्यो एवढा हिवाळा जाऊ दे."

"का पण?"

"अर्ध्यात नेलीस तर समदं फुकट जाईल."

"काय फुकट जाईल? काय चाललंय तुझं?"

आईने चुलीकडे पाहिलं आणि दूध उतू जातंय म्हणाली. चुलीवर दूध नव्हतं. थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करून, ती एवढंच म्हणाली, "भैरूच्या वक्ताला मी कमी पडले. ह्या बारीला न्हाई कमी पडायची. तू नगं काळजी करू."

मला वाटलं नवस बोलली असेल, उपास धरले असतील. आईच्या उपासांना आमच्या घरात तोटा नव्हता. सकाळच्या गाडीला निघताना मी वळून पाहिलं, तर पायरीवर दादा आणि तनू शेजारी शेजारी बसली होती. मी हात केला. दोघांनीही हात केला नाही. मला भीती वाटली, आणि ती भीती गाडी कराडच्या स्टँडात शिरली तरी गेली नाही.

त्याच आठवड्यात उंबरमाळच्या सरपंचांचा पोरगा शाळेच्या दारात जीप घेऊन उभा राहिला. तनूला आकडी आली होती. तिला दवाखान्यात नेलंय, आई बरोबर आहे, आणि मागे ठेवायला कुणी नाही म्हणून भैरूदादाही आहे, असं त्याने सांगितलं. आप्पा देवाला सोडून येऊ शकत नव्हते. जीपमध्ये बसल्यावर तो पोरगा मला धीर द्यायला म्हणाला, "देवाचंच लेकरू हाय ताई. देव काय वंगाळ करनार न्हाई." त्याला मी काही लागेल असं बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला सोडून झालं.

तनू वॉर्डात खाटेवर निपचित पडली होती, हाताला सलाईन. आकडी थांबली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं होतं आणि फोटो काढायला लावला होता. मला त्यांनी आत बोलावलं आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या फिल्मवर तनूच्या फासळ्या मला ओळखू आल्या. त्यांच्या खाली, पोटात, पांढरे ठिपके होते. मूठभर कण्या सांडाव्यात तसे.

"काय खाते ही?" त्यांनी विचारलं.

"भिंतीची माती खाते."

"माती इतकी पांढरी उमटत नाही. हे धातूचं आहे."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. घराजवळ कुणी जुन्या बॅटऱ्या फोडतं का? रंगाचं काम? वैद्याचं भस्म, काजळ, सुरमा? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले.

"घरात शेंदूर असतो का?"

"आम्ही गुरव आहोत," मी म्हटलं.

त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. शेंदूर शिशापासून करतात, त्या म्हणाल्या. मोठ्या माणसालाही ते वाईटच, पण लहान मुलाचा मेंदू वाढीला लागलेला असतो आणि शिसं रक्तातून नेमकं तिथे जातं. मग पोट दुखतं, माती खावीशी वाटते, मूल फिकं पडतं, शिकलेलं बोलणं जातं, झटके येतात. त्या शांतपणे सांगत होत्या. त्यातली एकेक गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली होती, फक्त आमच्याकडे तिला देवाचं नाव होतं. त्या तनूबद्दल बोलत होत्या आणि मला डोळ्यांसमोर भैरूदादा दिसत होता.

मी कसंबसं म्हटलं, की देवळात खेळते, बोट लागत असेल, चाटत असेल.

"नुसतं बोट चाटून एवढं पोटात साठत नाही," त्या म्हणाल्या. "तिला कुणीतरी हे देतंय. रोज."

मी वॉर्डाकडे पळाले. पळताना माझी चप्पल निघाली, ती मी तशीच सोडली.

आई खाटेच्या कडेला बसली होती. तिने कनवटीची पितळी डबी काढून मांडीवर उघडली होती, शेजारी मधाची बारकी बाटली होती, आणि तिचा अंगठा तनूच्या ओठांशी होता. अंगठ्यावर शेंदरी चाटण होतं. तनू गुंगीतच ओठ चोखायला लागली होती. मी आईचं मनगट धरलं.

"सोड," आई म्हणाली. "आज सकाळचं चुकलंय. म्हणून तर आकडी आली."

"हे काय आहे?"

"हळू बोल. सांगितलं की गुण जातो."

मी मनगट सोडलं नाही. तेव्हा तिने, इकडे तिकडे बघत, कुजबुजत सांगितलं. देव खोळ टाकतो तेव्हा तिचा एक तुकडा घरातली थोरली सून ठेवून घेते. पहिलं मूल वरचं खायला लागलं की तो तुकडा सहाणेवर उगाळायचा आणि मधातून, दिवस उगवायच्या आत, कुणाला न कळता चाटवायचा. देवाच्या अंगचं लेकराच्या अंगात गेलं, की देव मग लेकरू मागत नाही. तिला हे तिच्या सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने.

"आणि मला?" मी विचारलं. "मला दिलंस?"

"तुला कशाला? देव थोरलं मागतो." मग तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं, ते मला कधी विसरता येणार नाही. "भैरूला उलट्या व्हायच्या गं. मला बघवंना, मी मधीच थांबवलं. कमी पडलं, म्हणून देवानं वाचा नेली त्याची. तनू माज्याकडं आसताना मी एक दीस चुकू दिला न्हाई."

 मी तिच्या मांडीवरची डबी उचलून झाकण लावलं, पदर ओला करून तनूचे ओठ पुसले, हिरड्या पुसल्या. तिच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण तिने जे केलं होतं ते माझ्या लेकीला वाचवायला केलं होतं, आणि माझ्याइतक्याच जिवाच्या आकांताने केलं होतं.

"आई, शेंदरात शिसं असतं," मी हळूच म्हटलं. "विष असतं ते. पोरीच्या पोटात दिसतंय, आत्ता फोटोत बघून आले मी. आकडी त्यानेच आली. बोलणंही त्यानेच गेलं. हे बंद कर. आजपासून, कायमचं."

मला वाटलं होतं ती भांडेल, देवाची शपथ घालेल.  तिने डबीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. तो तिने लुगड्याला पुसला. पुन्हा पुसला. नख शेंदरीच राहिलं, तरी ती पुसत होती.

मग तिने मान वर करून बाकड्याकडे पाहिलं.

भैरूदादा तिथे बसून होता. एवढा वेळ तो छताच्या पंख्याकडे बघत होता. आई आपल्याकडे बघते आहे हे त्याला दिसलं, तिचा अंगठा दिसला, अंगठ्यावर काहीतरी लागलेलं दिसलं. त्याने आ केला.

"मग भैरू?" आई म्हणाली.

आयुष्यभर मी तोंडाळ म्हणून नावाजलेली. सासरी कुणी रक्ताचं बोललं की मी दोन द्यायची आणि दोन घ्यायची. आणि आता उत्तर माझ्या हातात होतं, सरळ आणि खरं. दादा तोंड उघडून बसलाच होता.

"दादाचं रक्तातलं आहे, आई," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. खाण तशी माती."

"तात्यास्नीबी दिलं हुतं. माज्या सासूनंच दिलं हुतं."

"त्यांचंही रक्तातलंच."

ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मी डोळे हलवले नाहीत. मग तिने मान डोलावली.

"रक्तातलंच आसंल," ती म्हणाली, आणि उठून दादाजवळ गेली, आणि त्याचं तोंड हाताने हळूच मिटवलं.

तनूला इंजेक्शनं झाली, पुण्याच्या फेऱ्या झाल्या. मी वर्षभर घरी बसले. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की गेलेलं किती परत येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, पण वय कोवळं आहे आणि वेळेवर थांबलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी खिडकीतून 'चिऊ' असा आवाज आला आणि सासूबाईंच्या हातातली परात खरोखर खाली पडली, सगळे तांदूळ घरभर झाले. नंतर त्या खाण आणि माती कधी बोलल्या नाहीत. आज तनू बोलते, भांडतेसुद्धा, त्यात ती माझ्यावर गेली आहे. गणिताशी मात्र तिचं कधी जमलं नाही. दुकानात सुटे पैसे हातात आले की ती अजून गोंधळून माझ्याकडे बघते, आणि मला ते पांढरे ठिपके दिसतात.

डबी आईने स्वतः डोहात टाकली, कुणाला न सांगता. सहाण मागच्या विहिरीत गेली. आप्पांना ती एवढंच म्हणाली की आता घरात शेंदूर कालवायचा नाही, देवळातच कालवा, तुमच्या हाताने. आप्पांनी का म्हणून विचारलं असेल, पण आईने ते मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. तनूवर तिचा जीव होता, वेणी घालायची, अंगाई म्हणायची, जवळ घेऊन निजायची. पण जेवायची वेळ झाली की भात कालवून ताटली माझ्याकडे सरकवायची. "तू भरव," म्हणायची. "माज्या हाताची सवय नगं तिला." मी कधी का म्हणून विचारलं नाही. तिने पुन्हा कधीही, एक बत्तासासुद्धा, तनूच्या तोंडात आपल्या हाताने घातला नाही.

दादाला मात्र ती शेवटपर्यंत भरवत राहिली. त्याचं दुसऱ्या कुणाच्या हातून चालायचंच नाही. तो पायरीवर बसून आ करायचा, आणि ती घास उचलून त्याच्या तोंडाशी नेऊन थांबायची, हातातल्या घासाकडे बघत राहायची. तो आ करून वाट बघायचा. मग ती घास द्यायची.